कोयना उशाला, पवनचक्क्या डोक्यावर, तरी आमची मोटार रात्रीच का?

सह्यकडा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून काढतो.

आमचं गाव पाटण तालुक्यात. मागच्या दारी उभं राहिलं की वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. कोयना धरण आमच्याच तालुक्यात. आजोबांच्या बहिणीचं सासर त्याच्या जलाशयात, शिवाजीसागरात, बुडालं. ती माणसं कुठंकुठं पांगली याची उजळणी आमच्याकडे अजून प्रत्येक लग्नात होते.

आणि या आठवड्यात आमच्या शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनातून शेताकडे येणाऱ्या लाईनीला, पाण्याच्या मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट रात्री पावणेदहाला येते, पहाटे पावणेसहाला जाते. काल वडील आणि मी गव्हाला पाणी पाजत होतो. वडील ६७ वर्षांचे. बॅटरी माझ्या हातात, दारं धरायला ते. बाराच्या सुमाराला ओढ्याच्या अंगाने गवे वर आले, सहा-सात तरी असतील. बॅटरी विझवून आम्ही दोघं विहिरीच्या कठड्याला टेकून गप बसलो. ते गेले तोवर सरी फुटून सगळं पाणी शेजारच्या हरभऱ्यात.

धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात, ते आम्हाला विजेच्या बाबतीतही लागू झालंय. भांडायला आलेलो नाही, समजून घ्यायचं आहे. वीज इथं तयार होते, मग ती इथंच दिवसा का मिळत नाही? ती जाते कुठं, वाटतं कोण, आणि कशाच्या हिशेबाने? ज्यांनी या कामात आयुष्य काढलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

पाणलोट

सह्यकडा, तुमचं लिहिणं वाचून अस्वस्थ झालो. मी जलविद्युत केंद्रात ३१ वर्षं काढली, शेवटची बरीच वर्षं कंट्रोल रूममध्ये. जमेल तसं सांगतो.

आधी कोयनेचं. धरण तुमच्या बाजूला, हेळवाकजवळ, पण वीज तयार होते सह्याद्रीच्या पलीकडे, चिपळूण तालुक्यात पोफळीला. नवजाजवळ जलाशयाचं पाणी बोगद्यात घेतात आणि डोंगराच्या पोटातून पश्चिमेला नेऊन उभ्या उतारावरून खाली सोडतात. पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंची आहे ती. एवढ्यावरून आलेलं पाणी बारीक तोंडातून सुटतं तेव्हा ती धार टर्बाइनच्या वाटीवर कशी आदळते ते शब्दांत सांगता येत नाही. भूमिगत केंद्रात पहिल्या दिवशी उतरलो तेव्हा आवाज कानांनी नाही, छातीने ऐकला होता. तिथून सुटलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवतात आणि अलोऱ्याला त्याच पाण्यावर दुसऱ्यांदा वीज काढतात. मग ते वाशिष्ठीला मिळतं आणि समुद्रात जातं. पहिला टप्पा १९६२ च्या सुमाराला सुरू झाला, चौथा १९९९ च्या लेक टॅपिंगनंतर, म्हणजे जलाशय रिकामा न करता पाण्याखालूनच बोगदा जोडला त्यानंतर. पायथ्याचं छोटं केंद्र धरून एकूण क्षमता १९६० मेगावॅट.

आता तुमच्या प्रश्नाचं मूळ. ही १९६० मेगावॅट दिवसरात्र मिळत नाही. कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे किती पाणी वळवायचं याला कृष्णा लवादाने (कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या) मर्यादा घातली आहे, वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. जलाशय १०५ टीएमसीचा, पण उरलेलं पाणी पूर्वेकडे कृष्णाकाठच्या सिंचनाचं आणि पिण्याचं. एका टीएमसीत, दोन्ही ठिकाणची वीज धरून, ढोबळमानाने चार कोटी युनिट निघतात. म्हणजे ६७.५ टीएमसीत २७० कोटी. १९६० मेगावॅटची यंत्रं वर्षभर न थांबता पूर्ण क्षमतेने चालवायची म्हटली तर सतराशे कोटी युनिटांचं पाणी लागेल. भागून बघा. रोजचे सरासरी जेमतेम चार तास हातात येतात.

ते चार तास कुठं घालायचे, हा खरा प्रश्न. ते घातले जातात संध्याकाळी दिवेलागणीला, जेव्हा सगळा महाराष्ट्र एकदम बटणं दाबतो. कारण पाण्याचं यंत्र काही मिनिटांत शून्यावरून पूर्ण भार घेतं. कोळशाच्या संचाला तेच काम थंड अवस्थेतून करायला कित्येक तास लागतात.

सह्यकडा

काका, हे रोजच्या चार तासांचं गणित आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटायचं धरण भरलं की वीजच वीज.

पण मग तेच चार तास दुपारी आम्हाला का नकोत? आणि पवनचक्क्यांचं काय?

पाणलोट

पवनचक्क्यांचं आधी सांगतो, सोपं आहे. त्या पठारावर वारा कधी सुटतो आठवा. आषाढ-श्रावणात, नैऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर. तेव्हा तुमची मोटार बंद असते, शेतात वरून पाणी पडत असतं. तुम्हाला पाणी लागतं डिसेंबर ते मे, आणि नेमका तेव्हा वारा पडलेला असतो. शिवाय पवनचक्कीची वीज खाली गावात उतरत नाही. ती दाब वाढवून वर, मोठ्या वाहिनीवर चढते.

दुपारचं उत्तर मोठं आहे. वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी वापरायची त्याच क्षणी तेवढीच तयार करावी लागते. तुम्ही मंडळी इर्जिक जाणता. दहा जणांच्या बैलजोड्या एकाच रानात जुंपतात, सगळ्यांनी एका चालीने चालायचं. ग्रिड, म्हणजे सगळी वीजकेंद्रं तारांनी जोडणारं जाळं, हे देशभरचं इर्जिक आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाईन जोडली आणि दक्षिणही त्यात आली. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळी जनित्रं एका तालावर, सेकंदाला ५० आवर्तनं. कोळशाचं टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्या घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. पाण्याचं यंत्र हळू फिरतं, पण ३०० फेऱ्यांच्या जनित्राला २० चुंबकीय ध्रुव दिले की त्याचाही ताल तोच.

मागणी वाढली की हा ताल मंदावतो, घटली की चढतो. कंट्रोल रूममध्ये आमची नजर त्याच आकड्यावर खिळलेली असायची. ४९.९० ते ५०.०५ एवढीच मोकळीक. हा आकडा ४९.८ च्या खाली घसरताना बघितला की तोंडाला कोरड पडायची. तशा वेळी कोयनेसारखं केंद्र हाताशी हवं. पाणी दुपारी संपवून टाकलं तर संध्याकाळी धाव कोणाकडे घ्यायची?

५ एप्रिल २०२० ची रात्र सगळ्यांना आठवत असेल. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद. तेव्हा देशभरात काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॅटची मागणी घटली आणि दिवे लागल्यावर तशीच परत वाढली. एवढा झटका ग्रिडने पचवला तो मुख्यतः देशभरातल्या जलविद्युत केंद्रांच्या जोरावर. नऊ वाजायच्या आधी ती भरात चालवून ठेवली होती, नऊला भराभर उतरवली, नंतर पुन्हा चढवली. मी तेव्हा निवृत्त होतो. घरातले सगळे गच्चीत दिवे लावत होते, मी मोबाईलवर हाच ताल, म्हणजे फ्रिक्वेन्सी, बघत बसलो होतो.

ठाणेकरीण

काका, वाचताना अंगावर काटा आला. एक शंका. मुंबईला रात्रंदिवस वीज असते असं सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला सगळी मुंबई आणि ठाणं बंद पडलं होतं. लोकल जागच्या जागी उभ्या. माझी आई ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होती, ते दोन तास मी विसरू शकत नाही. शेजारचा मुलगा कुठून तरी सिलिंडर घेऊन आला म्हणून निभावलं. एवढी मोठी ग्रिड असताना मग ते कसं झालं?

पाणलोट

ताई, आई निभावल्या हे वाचून बरं वाटलं.

वीज नव्हती असं नाही, ती मुंबईपर्यंत पोचायचा रस्ता बंद झाला. पडघे आणि कळवा ही मुंबईत वीज शिरण्याची दारं आहेत. त्या दोघांना जोडणाऱ्या ४०० केव्हीच्या लाईनींपैकी एक आधीच दुरुस्तीसाठी बंद होती, तशात दुसऱ्या ट्रिप झाल्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या. उरलेल्यांवर सगळा भार आला, त्याही गेल्या. अशा वेळी मुंबईने ग्रिडपासून सुटून स्वतःच्या केंद्रांवर तग धरावा अशी बेटासारखी व्यवस्था आहे, पण त्या दिवशी आतली निर्मिती मागणीला पुरी पडली नाही. वीज तयार करणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं ती वाहून नेण्याचं, आणि त्याकडे लोकांचं लक्ष फक्त अशा दिवशी जातं.

मावळकर

धागा फार चांगला चाललाय. आमच्या भागाची भर घालतो.

कोयनेच्या कितीतरी आधी, १९१५ मध्ये, खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळा, वळवण, शिरवत्याचं पाणी घाटाखाली सोडून. ती वीज गेली मुंबईच्या कापडगिरण्यांना. मग १९२२ ला भिवपुरी, १९२७ ला भिरा. भिऱ्याचं पाणी मुळशीचं. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी शेतकऱ्यांना घेऊन १९२१ पासून सत्याग्रह केला. माझे पणजोबा त्यात होते. घरात त्यांचा एकच फोटो आहे, डोक्यावर पटका, हातात काही नाही.

म्हणजे बघा, सह्याद्रीने पाणी द्यायचं, मावळ्याने जमीन द्यायची आणि वीज घाटाखाली जायची, हे शंभर वर्षांपासून चालत आलंय. सह्यकडा विचारतात त्यामागे तांत्रिक कारणं आहेत, पाणलोट काकांचं सगळं पटतं. पण ज्यांची जमीन गेली त्यांच्या नातवंडांना निदान दिवसा मोटार चालवता यावी, हे मागणं तांत्रिक कारणापुढे लहान नाही. हे मला ठामपणे म्हणायचं आहे.

पाणलोट

शब्दाशब्दाशी सहमत.

विदर्भवासी

सगळे पाण्याचं बोलताहेत. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा वाटा आमच्याकडून येतो, कोळशातून, हे कुणी तरी लिहायला हवं म्हणून लिहिते. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅट, तिरोड्याचं खासगी केंद्र ३३०० मेगावॅट, शिवाय कोराडी आणि खापरखेडा. माझे बाबा एका औष्णिक केंद्रात कोळसा हाताळणी विभागात होते.

कोळशाचं काम कसं चालतं ते त्यांच्याकडून ऐकलेलं सांगते. रेल्वेचा एक रेक म्हणजे ५८-५९ वाघिणी, चार हजार टनांच्या जवळपास कोळसा. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर तासाला तीनशे टनांहून जास्त कोळसा खातो. म्हणजे अख्खी मालगाडी बारा तासांत संपली. कोळसा आधी गिरणीत दळून पिठासारखा करतात आणि गरम हवेबरोबर बॉयलरमध्ये फुंकतात. आत ५४० अंशांची वाफ तयार होते. ती टर्बाइन फिरवते, टर्बाइन जनित्राला. वापरून झालेली वाफ थंड करून पुन्हा पाणी. लांबून दिसणाऱ्या त्या डमरूसारख्या अवाढव्य मनोऱ्यांतून निघतो तो धूर नव्हे, वाफ असते. धूर उंच चिमणीतून जातो. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते, आणि ती राख कुठं ठेवायची हा आमच्या जिल्ह्यांचा कायमचा प्रश्न. बाबांचा सदरा धुताना आई पहिलं पाणी ओतून द्यायची, काळं यायचं. पावसाळ्यात कोळसा ओला आला की गिरणीत चिकटायचा आणि ते दोन-दोन दिवस घरी यायचे नाहीत.

सह्यकडा, तुमची मोटार रात्री का, याचं अर्धं उत्तर इथं आहे. कोळशाचा संच संध्याकाळी चालू आणि मध्यरात्री बंद असं करता येत नाही. रात्री शहरं झोपली, कारखान्यांची मागणी उतरली, तरी तो निम्म्याहून जास्त भारावर चालवत ठेवावाच लागतो. मग रात्री जी वीज शिल्लक राहते ती कुठं तरी वापरायची म्हणून शेतीपंप रात्री, अशी घडी कित्येक वर्षं बसलेली. ग्रिडच्या सोयीचं झालं, पण अंधारात उभं कोण राहिलं, तर शेतकरी.

आणि पाणी फक्त धरणातल्या विजेलाच लागतं असंही नाही. २०१५ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं.

सह्यकडा

ताई, काळ्या पाण्याच्या सदऱ्याचं आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, थोड्या वेळाने म्हणाली, “म्हणजे तिकडं पण कुणीतरी रात्रभर जागंच असतंय की.”

हिशेबनीस

मला आकड्यांत रस, म्हणून गणित मांडून बघितलं. चूक असेल तर पाणलोट काकांनी सुधारावं. पाच एचपीची मोटार आठ तास चालली की साधारण ३५ युनिट. ते कोयनेचे असतील तर पंचवीस हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजारी टँकर अडीच. विदर्भाचे असतील तर चोवीस-पंचवीस किलो कोळसा.

तारापूरचं कुणी काढलं नाही म्हणून तेही. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, १९६९ पासून. चार अणुभट्ट्या मिळून १४०० मेगावॅट. तत्त्व कोळशासारखंच, वाफ करून टर्बाइन फिरवायचं, फक्त उष्णता युरेनियमच्या विखंडनातून. तेही दिवसरात्र एकसारखं चालवायचं यंत्र, वरखाली करायचं नव्हे.

पाणलोट

गणित बरोबर आहे.

लाईनवरचा

रात्री उशिरा लिहितोय, आत्ताच ड्युटीवरून आलो. मी लाईनस्टाफमध्ये आहे, जिल्हा सांगत नाही.

मोठ्या लाईनींचं काका सांगतीलच. मी शेवटच्या पाच किलोमीटरचं सांगतो, कारण सह्यकडांची मोटार जळते ती इथं.

केंद्रातून वीज निघते ती ट्रान्सफॉर्मरने दाब चढवून ४०० केव्ही, २२० केव्हीला. कारण सोपं आहे. तीच ताकद दुप्पट दाबाने नेली तर करंट निम्मा होतो आणि तारेत वाया जाणारी वीज चौथाई. तिथून उतरत उतरत १३२, मग ३३. आमच्या सबस्टेशनात ३३ ची ११ होते, आणि ११ चे फीडर गावोगाव सुटतात. घरांचा गावठाण फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. पूर्वी एकच होता. शेतीची लाईट बंद केली की गावात लेकरांचा अभ्यासही अंधारात जायचा. फीडर वेगळे केले आणि ते थांबलं. शेवटी ११ केव्हीचे ४४० व्होल्ट होतात तुमच्या शेताच्या बांधावर, डीपीत, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये.

आता डीपीचं. ६३ केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या बारा मोटारी नीट चालतात. प्रत्यक्षात असतात सतरा-अठरा, आणि वर तारेवर चोरून टाकलेले चार आकडे. त्यात सगळ्यांनी स्टार्टरला ऑटोस्विच बसवलेलं. लाईट आली की सगळ्या मोटारी एकाच सेकंदाला उठतात. उठताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीओ, म्हणजे डीपीचा फ्यूज, उडतो. डीओ नाही उडाला तर कुणीतरी जाड तार घातलेली असते, मग फ्यूजऐवजी डीपीच उडतो. तेल उकळून बाहेर येतं, तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. नवा डीपी येईपर्यंत पीक वाळतं, आणि लोक आमच्या अंगावर येतात.

तीन गोष्टी करा. ऑटोस्विच काढा आणि मोटारी दोन-दोन मिनिटांच्या अंतराने एकेक करून चालू करा. प्रत्येक मोटारीला कपॅसिटर लावा, पाच एचपीला दोन केव्हीएआरचा, बाजारात सहज मिळतो. करंट कमी होतो, तेवढ्याच डीपीवर एक-दोन मोटारी जास्त पेलतात आणि टोकाला व्होल्टेज टिकतं. आणि डीपीची अर्थिंग उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून बघा, खड्ड्यात मीठ-कोळसा घाला, पाणी ओता.

आणि हात जोडून सांगतो, डीपीवर स्वतः चढू नका. आम्ही लाईन बंद असल्याचं परमिट घेऊन, दोन्ही बाजूंना शॉर्ट-अर्थ करून, म्हणजे तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडून, मग खांबाला हात लावतो. कुणाच्या घरचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलटी वीज सोडतो की काय याचा भरवसा नसतो. माझा एक सोबती तसाच गेला. लाईन बंद होती, परमिट होतं, फक्त अर्थ लावला नव्हता, कारण पाऊस जोरात होता आणि गाव फोनवर फोन करत होतं. पुढच्या वेळी लाईट गेल्यावर आम्हाला पंधरा मिनिटं जास्त द्या. मला एवढंच मागायचं आहे.

ठाणेकरीण

दादा, मी इथून पुढे कधीही तक्रारीचा फोन करताना हे आठवेन. तुमच्या सोबत्याच्या घरच्यांना नमस्कार.

सूर्यफूल

आता जरा आशेचं लिहू का? आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली. शेतीचाच फीडर सौर विजेवर चालवायचा, म्हणजे लाईट आपोआप दिवसा. सबस्टेशनच्या आसपास पाच-दहा किलोमीटरच्या आत जमीन बघतात, एका मेगावॅटला चार-पाच एकर लागते, आणि तयार झालेली वीज तिथल्या तिथे ११ केव्हीवरच जोडतात. लांबून आणायची नाही, त्यामुळे गळतीही कमी. २०२३ नंतरच्या नव्या टप्प्यात जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, दरवर्षी तीन टक्के वाढ. आमच्या भावकीची माळाची सात एकर त्यात दिली. बाजरीही धड येत नव्हती तिथं.

गेल्या रब्बीपासून आमच्या फीडरला सकाळी आठ ते दुपारी चार लाईट आहे. माझे सासरे आता रात्री घरात झोपतात. पहिले आठ-दहा दिवस ते अकराला उठून अंगणात येऊन बसायचे, झोपच लागायची नाही. तीस वर्षांची सवय.

ढगाळ दिवशी काय, हे पहिलं आमच्याही मनात आलं होतं. फीडर ग्रिडला जोडलेलाच असतो, ऊन कमी पडलं की उरलेली वीज वरून येते. स्वतंत्र सौर पंपाचं तसं नाही, तो उन्हावरच. तो ३, ५, ७.५ एचपीत मिळतो, शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. जिथं लाईन पोचायलाच अवघड आहे अशा डोंगरातल्या विहिरीला तो चांगला. पण जिथं फीडर आहे तिथं फीडरच सौर करून घ्या, असं माझं मत.

मावळकर

सूर्यफूल, तुमच्या सासऱ्यांचं अंगणात बसणं डोळ्यांसमोर आलं.

पण दुपारी सौर वीज भरपूर आणि सात वाजता शून्य, मग संध्याकाळचं कसं?

पाणलोट

म्हणूनच मी कोयनेचं पाणी संध्याकाळसाठी राखा म्हणतो, आणि आता तर जास्तच. सूर्य मावळतो आणि त्याच वेळी घरोघर दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. ती दरी तासा-दोन तासांत भरून काढायची असते.

आणखी एक उपाय आहे, तो आपल्याकडे आधीच चालू आहे. अकोले तालुक्यातलं घाटघर. वर एक धरण, कड्याखाली चोंढ्याला दुसरं, मधे २५० मेगावॅटचं केंद्र. वीज जास्त असते तेव्हा तेच यंत्र उलटं फिरवून खालचं पाणी वर चढवायचं, टंचाईच्या वेळी तेच पाणी खाली सोडायचं. वर चढवायला जेवढी वीज लागते त्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास परत मिळते, म्हणजे तोटा आहे. पण दुपारची वाया जाणारी वीज रात्री आठला मिळाली तर तो तोटा परवडतो. भिऱ्यालाही १५० मेगावॅटचा असा संच आहे. सह्याद्रीत अशा जागा पुष्कळ आहेत. माझी एकच कळकळ आहे, की या वेळी ज्यांची जमीन जाईल त्यांचं आधी नीट बसवावं, मग पहिला सुरुंग लावावा. कोयनेच्या धरणग्रस्तांची प्रकरणं मी नोकरीला लागलो तेव्हा ऐकली होती. निवृत्त झालो तेव्हाही त्यातली काही तशीच होती.

सह्यकडा

मंडळी, अकरा दिवसांनी लिहितोय, कामात होतो.

लाईनवरचा दादांचं लिहिणं मी छापून काढलं आणि आमच्या डीपीवरच्या सगळ्यांना मारुतीच्या देवळात बोलावलं. आधी मोजणी केली. डीपी ६३ चा, मोटारी सतरा, त्यातल्या दोन साडेसातच्या. आकडे तीन. आकडेवाले आमच्याच भावकीतले, नावं घेत नाही, त्यांनी तिथल्या तिथे काढतो म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी काढले. एकाने रीतसर अर्ज भरलाय. ऑटोस्विच काढण्यावरून बराच वाद झाला. रात्री कोण उठणार, हेच सगळ्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. शेवटी असं ठरलं की दोन-दोन जणांची पाळी लावायची. त्यांनी पावणेदहाला येऊन सगळ्यांच्या मोटारी ओळीने चालू करायच्या, टोकाची आधी. कपॅसिटर तालुक्याहून एकदम घेतले, सतरांपैकी चौदांना बसले. डीपी १०० चा करून मिळावा म्हणून सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज दिलाय. सोबत सबस्टेशनपासून तीन किलोमीटरवर गावकीचं पडीक रान आहे, त्याचा सातबारा काढून सौर वाहिनीसाठी ग्रामपंचायतीच्या पुढच्या सभेत विषय ठेवलाय. सूर्यफूल ताई, भाडेकराराची प्रत कशी असते ते मला कळवा, लोक तेच विचारतात.

काल आमची पाळी होती. वडील म्हणाले मी पण येतो. आमची विहीर टोकापासून दुसरी. आधी लाईट आल्यावर आमच्याकडे व्होल्टमीटर ३१० च्या वर सरकायचा नाही, मोटार नुसती गुरगुरायची. काल सगळ्या सतरा मोटारी चालू झाल्यावर परत येऊन बॅटरीच्या उजेडात काटा बघितला. ३६५ वर होता. वडिलांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला. पाईपला धार अशी आली की पाट दहा मिनिटांत भरला, आणि सव्वादोनला आमचं भिजवून झालं. एरवी पहाट व्हायची.

लाईनवरचा

टोकाला ३६५ म्हणजे उत्तम. उरलेले तीन कपॅसिटरही बसवून घ्या.